बंदूक जुनी, निपल नवं

खानापूर, चंदगड, सत्तरी अशा जंगलाला लागून असलेल्या भागांत काही शेतकरी घरांत आजही ठासणीची बंदूक असते. परवाना पीकसंरक्षणाचा, आधी आजोबांच्या नावावर, मग वडिलांच्या किंवा काकांच्या. आमच्याही घरी आहे. भात पोसवलं की रानडुकरं उतरतात, आणि त्यांना हाकलायला काका आवाजाचा बार काढतात.

गेल्या हंगामात बार दोनदा उशिरा उडाला. घोडा पडला, केप फुटली, मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर धडाड! चुलतभाऊ म्हणाला, "दारू दमट असेल." असेलही. पण काकांनी बंदूक परवानाधारक कारागिराकडे नेली, आणि दोष निघाला बोटाच्या पेराहूनही लहान अशा एका भागात.

त्याचं नाव निपल. नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडून बसवलेली ही छोटी पोकळ नळकांडी. तिच्यावर तांब्याची केप बसते. घोडा आपटला की केपेतला मसाला पेटतो आणि ज्वाळा बारीक छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोचते. पूर्वी गारगोटीच्या ठिणगीवर काम चालायचं, आणि पाऊस आला की तेही थांबायचं. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोरसिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. केपेची वाट तिथूनच निघाली.

बाराच्या वेळी तापलेला वायू याच छिद्रातून मागेही येतो. त्याने छिद्र हळूहळू रुंदावतं. खूण सोपी आहे: बार झाल्यावर घोडा आपोआप मागे उचललेला दिसतो किंवा केपेचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. रिकामा घोडा आपटत राहिलं तर निपलचं तोंड चपटं होतं, आणि मग केप पूर्ण बसत नाही. पहिल्या घावात ती फक्त खाली सरकते. कमानीची स्प्रिंग थकली तरीही घाव हलका पडतो. म्हणून कारागीर निपल, घोड्याचं तोंड आणि स्प्रिंग तिन्ही पाहतो.

नवं निपल बसवताना आटे तंतोतंत जुळावे लागतात. "जवळपास बसतंय" म्हणून दाबून फिरवलेलं निपल बाराच्या दाबाने सुटून मागे येऊ शकतं, आणि मागे बार काढणाऱ्याचा चेहरा असतो. हे काम घरच्या पान्याने करायचं नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करून देण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

घरी करायचं ते एवढंच. बंदूक रिकामी आहे याची परवानाधारकाने खात्री करायची. काळ्या दारूची राख ओल धरते, म्हणून बार काढला त्याच दिवशी नळी आणि निपल गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा हलका हात द्यायचा. आपल्याकडच्या पावसात एक रात्रसुद्धा गंजाला पुरते. आणि बार उडाला नाही तर नळी मोकळ्या जागेकडे धरूनच किमान एक मिनिट थांबायचं. आत डोकावून बघायचं नाही. फुसका वाटलेला बार कधीकधी फक्त उशिरा येणारा असतो.

तुमच्यापैकी कित्येकजण आता पुण्या-बेंगळुरूला असाल आणि बंदूक गावी असेल. दिवाळीला गेलात की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, ते बघा. परवानाधारक वारले असतील तर बंदूक माळ्यावर ठेवून चालत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आणि हा परवाना शिकारीचा नव्हे. वन्यप्राणी मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

काकांचं नवं निपल बसलं. आता घोडा पडला की बार लगेच निघतो. जुनी वस्तू सांभाळायची म्हणजे तिला हातच लावायचा नाही असं नव्हे. झिजणारा भाग वेळेवर, जाणत्या हाताने बदलला, तरच बाकीचं टिकतं.