ठिपका दिसतो, जंतू दिसत नाही



आपल्या घरांत अंडं थेट पातेल्यात फोडत नाहीत. आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहायचं, मग पुढे. आईने हे मला शिकवलं, मी मुलीला, आणि शारजात माझी नात आता स्टुलावर उभी राहून तेच करते. सवय चांगलीच आहे. पण त्या वाटीत डोळ्यांना न दिसणारंही काही असू शकतं.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे होते. नातीच्या वाढदिवसाच्या सँडविचसाठी मेयोनीज मी घरी केलं: कच्ची अंडी, तेल, लिंबू, मिक्सर. प्रत्येक अंडं वाटीत पाहिलेलं, एकातही ठिपका नव्हता. मे महिन्यातली संध्याकाळ. डबे आधी गाडीत, मग बागेतल्या टेबलावर, असे तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी सात जणांना ताप आणि जुलाब. ऐंशीच्या एका मावशींना सलाईन लावावं लागलं. तपासणीत साल्मोनेला निघाला. मी जन्मभर नर्सिंग केलं, तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो, ‘कुणाला कळू नये.’ त्या विचाराची मला अजून लाज वाटते. म्हणून आज सांगते.

साल्मोनेला फक्त कवचावरच्या घाणीत असतो असं नाही. कोंबडीच्या अंडाशयातून तो कवच तयार होण्याआधीच आत जाऊ शकतो. म्हणजे स्वच्छ, ताजं, न तडकलेलं अंडंही दूषित असू शकतं. लिंबू पिळलं की जंतू मरतो, या समजावर विसंबू नका.

त्यावर उपाय आहे पाश्चरीकरण. अमेरिकेत फेटलेलं अख्खं अंडं सुमारे ६० अंश सेल्सिअसला साडेतीन मिनिटं ठेवतात. अंडं शिजत नाही, जंतू मरतात. दुबईच्या अन्नसंहितेतही, न शिजवता खायच्या पदार्थांत कच्च्या अंड्याऐवजी पाश्चरीकृत अंडं वापरायला सांगितलं आहे. पण पाकीट उघडलं की तेही दूषित होऊ शकतं. १९९४ साली अमेरिकेत कच्चं द्रव अंडं वाहून नेलेल्या टँकरमधूनच आइसक्रीमचं पाश्चरीकृत मिश्रण नेलं गेलं. अंदाजे २ लाख २४ हजार लोक आजारी पडले.

आपल्या देशातही केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. पण कायदा हॉटेलवर चालतो, आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. तिथे आपणच इन्स्पेक्टर.

म्हणून माझं स्पष्ट मत: इथल्या आपल्या सणासमारंभांत, जिथे प्रत्येक घरातून एक डबा येतो, तिथे कच्च्या अंड्याचं काहीही नसावं. मेयोनीज हवं तर पाश्चरीकृत अंड्याची बाटली आणा आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. अंडी पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर नको. इथल्या उन्हाळ्यात एक तासच.

“आम्ही लहानपणी दुधात कच्चं अंडं घालून प्यायलो, काय झालं?” असं मैत्रिणी म्हणतात. आपल्याला काही झालं नाही, हे आपलं नशीब. तान्ही मुलं, गरोदर बायका, वृद्ध आणि मधुमेही यांचा जीव नशिबावर ठेवू नये.

त्रास बहुधा ६ ते ७२ तासांत सुरू होतो. ओआरएस द्या. शौचात रक्त, खूप ताप किंवा लघवी कमी झाली तर दवाखान्यात जा. उरलेली अँटिबायोटिक्स मनाने घेऊ नका.

आणि चूक आपल्या डब्याची असली तर त्याच दिवशी सगळ्यांना फोन करा. मी उशिरा केला. लवकर केला असता तर मावशी घरीच ओआरएसवर सावरल्या असत्या, असं मला वाटतं. जीव वाचवण्यासाठी आपला धर्म शब्बाथही मोडू देतो. मग थोडी अब्रू गेली तर काय बिघडलं?