मनोऱ्याच्या भरवशावर गावे सोडायची का?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा तिला मिळते. खडकवासल्यातून सोडलेले पाणी असो वा चासकमानचे, ते अखेर याच काठावर येते. विसर्ग वाढला की काठच्या शेतकऱ्याला वीजपंप हलवायचे असतात, जनावरे उंचावर न्यायची असतात. त्याच्यासाठी वेळेवर मिळालेला निरोप म्हणजे निम्मे संरक्षण होय. आणि हा निरोप आज जवळजवळ सर्वस्वी भ्रमणध्वनीवर अवलंबून आहे!

मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास तग धरते, पुढे डिझेल लागते. आणि पुरात रस्ता बंद झाला तर ते पोचवणार कोण? दूरध्वनी केंद्राच्या बॅटरीवर चालणारा तांब्याच्या तारेचा दूरध्वनी घरची वीज गेली तरी वाजत असे. तो घराघरांतून गेला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कोतवालाची दवंडी तर थट्टेचा विषय ठरली. नवे स्वीकारण्यात गैर काही नाही. पण जुने मोडताना पर्याय उभा न करणे, ही प्रगती नव्हे, गाफीलपणा आहे.

या गाफीलपणाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईसारख्या महानगराची दूरध्वनी व भ्रमणध्वनी सेवा कोलमडली. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले, १५१ जणांचा बळी गेला. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर नेली ती एका एसटी चालकाने. कोट्यवधींची यंत्रणा मुकी राहिली, माणूस बोलला!

ग्रामसुरक्षा यंत्रणेने पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत चांगले काम केले आहे. एका क्रमांकावर दिलेला आवाज एकाच वेळी गावातल्या शेकडो फोनवर पोचतो. परंतु तीही त्याच मनोऱ्यावर उभी आहे. दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे, राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे. रेल्वे आपल्या गाड्या केवळ सार्वजनिक भ्रमणध्वनीच्या भरवशावर सोडत नाही. पोलीसही आपले बिनतारी संच टाकून देत नाहीत. मग गावानेच निराधार का राहावे?

उपाय अवघड नाहीत. १२ वर्षे पूर्ण झालेला कोणीही परीक्षा देऊन हौशी बिनतारी केंद्राचा परवाना मिळवू शकतो. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स लिपीची अटही नाही. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात याच हौशी मंडळींनी जगाशी संपर्क राखला. हातातल्या संचाची पोच थोडी असते, हे खरे. म्हणून उंच जागी अँटेना आणि सौर बॅटरी हवी. प्रत्येक मोठ्या गावातील विद्यालयाने असे एक केंद्र चालवावे. मंदिराचा ध्वनिक्षेपक बॅटरीवर चालावा. वाडीवस्तीवर निरोप कोणी न्यायचा, त्या तरुणांची नावे पावसाळ्यापूर्वीच ठरावीत. आणि जूनच्या आरंभी एक दिवस सर्व भ्रमणध्वनी बंद ठेवून या व्यवस्थेची रंगीत तालीम व्हावी.

शासनाने परवाने व साहित्य सुलभ करावे, ते त्याचे कर्तव्यच आहे. पण शेजाऱ्याला हाक मारण्यासाठी शासनाची वाट पाहणारा समाज संघटित म्हणता येणार नाही. भीमेचे पाणी मनोरा सुरू होईपर्यंत थांबत नसते.