सहा फुटांची पडवी

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या सह्याद्रीलगतच्या दोन तालुक्यांत अलीकडे जी घरे नव्याने उभी राहत आहेत, त्यांतील कितीतरी घरांना पडवी ठेवलीच जात नाही, किंवा ठेवली तरी वर्षा-दोन वर्षांत लोखंडी जाळी आणि पत्रा मारून ती बंद केली जाते, ही गोष्ट या अंकाच्या संपादक मंडळाला वर्षभर सलत राहिली आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु घरात रोज राहण्याचे सुख नेमके कशातून मिळते, याचा शोध घेऊ लागल्यास ते दिवाणखान्याच्या मापात, फरशीच्या भावात किंवा दर्शनी भिंतीच्या रंगात हाती लागत नाही. ते बऱ्याच अंशी ना धड आत, ना धड बाहेर अशा या एका जागेत सापडते. यंदाच्या ‘घर’ या दिवाळी विशेषांकाचा आरंभ म्हणूनच पडवीपासून केला आहे.

अंकाचे जुने वाचक जाणतात की येथील संपादकीय वर्षाचा ताळेबंद म्हणून लिहिले जात नाही. तरीही सरत्या वर्षाची थोडी दखल घेणे क्रमप्राप्त आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले आणि त्यांत राजगडाचा समावेश झाला. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा रेंगाळलेला निर्णयही याच वर्षी मार्गी लागला, मात्र लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हे हेच नाव असल्याने येथे तेच वापरले आहे. सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्याचे संसार उघड्यावर आणले. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र निराळी आहे. मोसमी पाऊस यंदा २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला आणि कौलारू घरांची शाकारणी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी छपरावरची कौले उतरवून, फुटकी बदलून ती पुन्हा नीट बसवण्याचे काम, अनेक ठिकाणी अर्धवट असतानाच पावसाने गाठले. त्या आठवड्यात गळक्या कौलांना कंटाळलेल्या ज्या कुटुंबांनी पुढच्या वर्षी ‘स्लॅब टाकून घेण्याचे’ ठरवले असेल, त्यांना उद्देशून पुढचे विवेचन आहे.

प्रथम जुन्या घराची रचना समजून घेणे इष्ट ठरेल. पश्चिमेकडील केळद, हिर्डोशी, शिरगाव या पट्ट्यात सह्याद्रीच्या धारेवर आदळणारा पाऊस जून ते सप्टेंबर जवळजवळ सतत कोसळतो, तर पूर्वेकडे कापूरहोळ-किकवीच्या बाजूला येईपर्यंत त्याचा जोर पुष्कळ ओसरतो. या पावसाला तोंड देण्यासाठी मावळातील, म्हणजे सह्याद्रीलगतच्या या भागातील, घर तीन गोष्टींवर उभारले जाई. पहिली गोष्ट म्हणजे जोते, अर्थात जमिनीची ओल वर चढू नये म्हणून दगडात बांधलेला घराचा चौथरा. दुसरी म्हणजे मेढी, म्हणजे छपराचा भार भिंतीवर न येता थेट जमिनीत उतरावा यासाठी रोवलेले लाकडी खांब. भार खांबांनी पेलल्यामुळे भिंत हलकी चाले, आणि ती बहुधा कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून केलेल्या कुडाची असे. तिसरी म्हणजे दोन्ही अंगांनी खाली उतरत येणारे गवताचे किंवा कौलांचे छप्पर. मातीच्या भिंतीला पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नसेल तर छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आणावे लागते, आणि पुढे आलेल्या छपराला टेकू म्हणून खांबांची आणखी एक रांग द्यावी लागते. भिंत आणि ही रांग यांच्यामध्ये जी जागा आपोआप निर्माण होते, तीच पडवी होय. तिचा जन्म असा पावसापासून भिंत राखण्याच्या गरजेतून झाला आणि माणसांनी पुढे तिथेच आपला अर्धा दिवस नेऊन ठेवला.

हा अर्धा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत खाचरातून परतलेली माणसे चिखलाने भरलेले पाय अंगणाच्या दगडावर धुऊन थेट घरात न शिरता पडवीत थांबतात. पाठीवरचे इरले, जे बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे बनवलेले असे व ज्याची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, ते तिथल्याच खुंटीला अडकवले जाते आणि भिजलेली घोंगडी आडव्या वाशावर पसरली जाते. एका कोपऱ्यात कोंबड्यांचे डालगे, दुसऱ्यात नांगर आणि सरपणाचा ढीग, मधल्या बाजेवर तांदूळ निवडणारी म्हातारी, आणि तिच्या पायाशी पाटी-पुस्तक घेऊन बसलेले, अधूनमधून छपराच्या पागोळ्या तळहातावर झेलणारे मूल अशी ही जागा एकाच वेळी चार कामांना पुरते. उन्हाळ्यात हीच पडवी झोपण्याची खोली होते, लग्नसराईत पंगतीची जागा होते आणि कुणी गेले तर सांत्वनाला आलेली माणसे तिथेच टेकतात. यांपैकी कोणतेही काम करणाऱ्या माणसाला घरातल्यांशी संबंध तोडावा लागत नाही आणि वाटेने जाणाऱ्याशी दोन शब्द बोलण्यासाठी उठून दारही उघडावे लागत नाही.

हेच तत्त्व संपन्न घरांत अधिक विस्ताराने दिसते. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा, १८६९ साली बांधलेला राजवाडा आज प्रामुख्याने चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी ओळखला जातो, आणि तेथे येणारे बहुतेक पाहुणे नक्षीदार खांबांची छायाचित्रे घेऊन परततात. वाडा या प्रकाराचे खरे शहाणपण मात्र त्या खांबांच्या मागे आहे. ढेलज म्हणजे दिंडीदरवाजालगतची छताखालची बैठक, जिथे आलेला माणूस कोण व कशासाठी आला हे कळेपर्यंत सावलीत बसू शकतो; चौक म्हणजे उजेड आणि वारा घराच्या पोटापर्यंत पोचवणारे मधले उघडे अंगण; आणि सोपा म्हणजे त्या चौकाच्या कडेने फिरणारी, एका बाजूने खुली असलेली ओसरी. राजवाड्याचा सोपा आणि शेतकऱ्याची पडवी यांच्यात सामग्रीचे व ऐश्वर्याचे अंतर प्रचंड आहे. परंतु बाहेरचे जग घरात एकदम न येता पायरीपायरीने यावे, ही समज दोन्हीकडे सारखीच आहे.

अशा जागांचे सुख ही केवळ मावळातल्या माणसांची सवय आहे, असे मानता येत नाही. जपानच्या पारंपरिक घरांत खोल्यांच्या बाहेरून जाणारी, छपराच्या पंखाखालची लाकडी ओसरी असते. तिला ‘एन्गावा’ म्हणतात आणि तिथेही पाऊस पाहत बसणे हा दिनक्रमाचा भाग असतो. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात माणसांना राहायला सुखकर वाटणाऱ्या जागांचे २५३ नमुने मांडले आहेत. त्यांतील दोन येथे प्रस्तुत आहेत: ज्या खोलीत दोन बाजूंनी उजेड येतो तिथे माणसे आपणहून रेंगाळतात, आणि जी बाल्कनी किंवा ओसरी सहा फुटांहून कमी खोल असते ती क्वचितच वापरली जाते. दुसऱ्या निरीक्षणाचे कारण साधे आहे. चार माणसांना गोल करून बसता आले आणि मध्ये ताट किंवा सूप ठेवता आले तरच ती जागा बसण्याची होते; तीन फुटांची पट्टी केवळ कपडे वाळत घालण्याच्या उपयोगाची राहते. पडवीत बाज टाकली आणि तिच्यापुढून डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला सहज जाता यावे असे धरले, तर पडवीचे मापही सहा फुटांच्या आसपासच भरते.

असे असताना ही जागा नाहीशी का होत आहे, याचा दोष घर बांधणाऱ्या कुटुंबांवर टाकणे अन्यायाचे होईल. वेल्हे हा जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका आहे आणि येथील घरटी एखादा माणूस पुण्या-मुंबईला कमावता असतो; त्याने आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून गावी बांधलेले स्लॅबचे घर हा त्याच्या कष्टांचा दृश्य पुरावा असतो. ज्यांच्याकडे अशी मिळकत नाही त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल असते. त्यासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये अनुदान, त्याशिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी व शौचालयासाठी १२ हजार रुपये अशी तरतूद असून, घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरवलेले आहे. सोळा फुटांच्या दर्शनी बाजूला सहा फुटांची पडवी काढली तर ती ९६ चौरस फूट, म्हणजे या किमान क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशाहून अधिक जागा घेते. इतक्या तुटपुंज्या रकमेत जे कुटुंब एक खोली आणि स्वयंपाकघर जेमतेम उभे करते, त्याने पडवी सोडून देणे स्वाभाविकच आहे.

दोष खरा आहे तो घराचे मोल ठरवण्याच्या पद्धतीत. शासकीय कागदावर भिंतींच्या आतली जागा तेवढी घर समजली जाते, कंत्राटदाराच्या हिशेबात स्लॅबचे चौरस फूट मोजले जातात, आणि पाहुणे-रावळे घर पक्के आहे की कच्चे एवढेच विचारतात. त्या घरात पावसाळ्याच्या दुपारी नेमके कुठे बसायचे, हे विचारण्याची जबाबदारी कुणाकडेच राहत नाही. याचा परिणाम पहिल्याच पावसाळ्यात दिसतो. सपाट स्लॅबवर साचलेले पाणी कठड्याच्या सांध्यातून झिरपू लागते, छप्पर पुढे आलेले नसल्यामुळे भिंती तिरक्या पावसाने भिजतात, आतल्या खोल्यांना पोपडे धरतात. आणि दोन-तीन वर्षांत स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी खांब रोवून उताराचा पत्रा चढवला जातो. म्हणजे उतरत्या छपराची गरज अखेर मान्य होतेच, पण दुप्पट खर्चानंतर, आणि त्या पत्र्याची सावली जमिनीवरच्या माणसांना न मिळता रिकाम्या गच्चीला मिळते. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला उघडा स्लॅब रात्री उष्णता खाली सोडत राहतो, जी कौलांच्या फटींतून एरवी वर निघून गेली असती. पुण्याच्या धनिकांनी धरणांच्या काठी बांधलेल्या, वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असणाऱ्या बंगल्यांचे काचेचे दर्शनी भाग आता गावातल्या गवंड्यांना नमुना म्हणून दाखवले जातात, याने हे नुकसान वाढले आहे. ज्या घरात रोज कुणी राहतच नाही, त्यावरून रोज राहण्याचे घर कसे बांधावे हे शिकता येणार नाही.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. त्या घरात चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती जात होती, माजघर भरदुपारी काळोखे असे, शेजारीच गोठा असल्याने माश्या आणि वास यांपासून सुटका नव्हती, आणि आठवड्याला जमीन सारवण्याचे श्रम घरातल्या बाईनेच करायचे होते. पडवीलाही तिचा काळा इतिहास आहे: कुणी बाजेवर बसायचे, कुणी पायरीशी उभे राहायचे आणि कुणी अंगणाच्या कडेलाच थांबायचे, हे जात ठरवत असे. नळ, गॅस, विजेचा दिवा आणि घरालगतचे शौचालय यांनी रोजच्या जगण्यात आणलेले सुख खरे आहे आणि त्यातले काहीही मागे देण्याचे कारण नाही. कौले काढल्याबद्दलही तक्रार करता येत नाही, कारण दरवर्षी शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली आहेत. मागणी एवढीच आहे की, नव्या सोयींसह बांधल्या जाणाऱ्या घराला उतार, पुढे आलेले छप्पर आणि बसता येईल इतकी पडवी असावी, आणि तिच्यावर बसण्याचा हक्क आलेल्या प्रत्येकाला सारखा असावा.

ही मागणी खर्चाच्या दृष्टीनेही अवास्तव नाही. पडवीला भिंती, खिडक्या, दारे लागत नाहीत. जोते, चार खांब आणि छपराचा पंख पुरतो. घराचे जोते भरतानाच ते सहा फूट पुढे घेतले आणि छपराचा उतार त्या हिशेबाने ठरवला, तर पैसे हाती येतील तेव्हा खांब व छप्पर नंतरही चढवता येते. मात्र हे आधी योजलेले नसल्यास मागाहून जोडलेला पत्रा भिंतीशी गळतच राहतो. म्हणून शासनाने डोंगराळ, अतिवर्षेच्या तालुक्यांतील घरकुलांना पडवीसाठी वेगळे पूरक अनुदान द्यावे. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांचे जे प्रशिक्षण होते त्यात मावळातील पाऊस, उतार आणि वळचण, म्हणजे छपराची खालची कड, यांचा पाठ असावा. आणि पंचायत समित्यांनी असे एक तरी नमुना घरकुल लोकांना जाऊन पाहता येईल अशा ठिकाणी उभे करावे.

दिवाळीशी या विषयाचे नाते जोडायचे तर ते दूर शोधावे लागत नाही. आकाशकंदील पडवीच्या वाशाला टांगला जातो, पणत्या उंबरठ्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत मांडल्या जातात, फराळाची ताटे येणाऱ्याजाणाऱ्यापुढे तिथेच ठेवली जातात, आणि हा अंकही जेवणानंतर लवंडून वाचण्यासाठी तीच जागा अनेक वाचकांच्या सवयीची आहे. परंतु सणाचे चार दिवस कोणत्याही घरात आनंदाचे जातात. घराची पारख उरलेल्या दिवसांत होते, जेव्हा काही विशेष घडत नसते आणि तरीही माणसाला आपल्या दारात बसून राहावेसे वाटते. ज्या कुटुंबांचे बांधकाम येत्या उन्हाळ्यात निघणार आहे, त्यांनी गवंड्यासमोर बसून नकाशावर आधी सहा फुटांची पडवी आखून घ्यावी, आणि मग उरलेल्या जागेत खोल्या बसवाव्यात.