सौदीचा एजंट आणि दोन एकर वावर

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते. गेल्या पौर्णिमेला वाचन झाले, खीर वाटून झाली, तरी एक मावशी उठेनात. बायका पांगल्यावर हळूच म्हणाल्या, “बाई, पोरगं सौदीले जातो म्हन्ते. एजंट दीड लाख मांगते. वावर गहाण टाकू का?”

वाचकहो, कौंडण्यपूरला बाहेर जाण्याचे नवल नाही. रुक्मिणीची पालखी दरवर्षी इथून पायी पंढरपूरला जाते. आपली पोरे पुण्याच्या कंपनीत आणि नागपूरच्या बांधकामावर जातात. दोन एकरांच्या कपाशीवर घर चालत नाही. मग ‘जाऊ नको’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? बाबासाहेबही १९१३ साली समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेलेच की.

पण ते कसे गेले? निघण्यापूर्वी ४ जूनला बडोद्यात त्यांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. मिळणार काय आणि द्यायचे काय, दोन्ही कागदावर होते. मावशींच्या मुलाजवळ होता एजंटचा मोबाइल नंबर.

पोरगा नववीतून शाळा सुटलेला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो. सौदी, कतार, कुवेत, ओमान, दुबई धरून १८ देशांत अशा माणसाला कामासाठी जायचे तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज ई-मायग्रेटवर होतो. पोराला हा शिक्का कमीपणाचा वाटतो. एजंटही म्हणाला, “व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे कामाचा करून देतो.”

इथेच पाणी मुरते. व्हिजिट व्हिसा पाहुण्याचा. त्यावर काम केले तर तिथे आपणच गुन्हेगार. मजुरी बुडाली तरी तक्रारीला जागा नाही. परवानगी घेऊन गेलेल्याचा नोकरीचा करार पगाराच्या आकड्यासह सरकारदफ्तरी राहतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण असते, दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. शिक्का नसलेल्यावर ही सक्ती नाही, म्हणून त्याची चौकशीही कोणी करीत नाही. तेव्हा शिक्क्याची लाज कसली?

आणि दीड लाख कशाचे? नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपर्यंतच घेता येतात, तेही पावती देऊन. मावशींनी तो आकडा मला दोनदा विचारला. सावकाराचे दीड लाख शेकडा तीनने घेतले तर महिन्याला साडेचार हजार नुसते व्याज. पहिला पगार येईपर्यंत ते कोण भरणार? निंदणाला जाणारी आई आणि कडेवर सहा महिन्यांचे लेकरू घेतलेली सून.

परळच्या चाळीत रमाईंनी काय सोसले ते आपण जयंतीला गातो. आपल्या घरातल्या सुनेच्या नावाचे बँकेत खाते आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. या सुनेचे नव्हते. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एक एक झेरॉक्स तिच्या हाती, आणि पैसा तिच्या खात्यावर, एवढे तरी पोराने निघण्याआधी करावे.

दुसरी वाटही आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यासाठी हाती कसब आणि जर्मन भाषा लागते. पण पहिली पायरी दहावीच.

दुसऱ्या दिवशी मायलेक घरी आले. मी पोराला म्हटले, एजंटचा लायसन्स नंबर विचार. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. “दोन दिवसांत देतो,” तिकडून उत्तर आले. आज अकरावा दिवस. सातबारा मावशींच्या पेटीतच आहे, आणि पोरगा काल १७ नंबरच्या फॉर्मची चौकशी करायला तिवस्याला जाऊन आला.