शाळा सुटली, परीक्षा उरली

दहावी-बारावीची परीक्षा आपल्या पाल्याने देऊच नये, असे ठरवणारा पालक महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण. अमेरिकेत मात्र असे पालक मोठ्या संख्येने पुढे आले. न्यूयॉर्क राज्यात २०१५ साली तिसरी ते आठवीच्या सुमारे दोन लाख विद्यार्थ्यांना आईवडिलांनी राज्यस्तरीय चाचणीला बसू दिले नाही. शेजारच्या न्यू जर्सीत अकरावीची मुलेही त्यात होती. वर्षभराचे अध्यापन एका चाचणीच्या दावणीला बांधले जाते, ही त्यांची तक्रार होती. त्या पालकांनी परीक्षा नाकारली. शाळा नाकारली नाही.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडत आहे. परीक्षा शिरोधार्य आणि शाळा त्याज्य, असा नवा पालकधर्म रूढ होत आहे. अकरावीचा प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात घ्यायचा, दोन वर्षे 'नीट' वा 'जेईई'च्या खासगी क्लासमध्ये काढायची आणि महाविद्यालयाचे तोंड पाहायचे ते प्रात्यक्षिकापुरते! हे रोखण्यासाठी राज्य शासनाने २०१८ साली काही विभागांतील विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता 'डमी' प्रवेशांच्या कारणावरून काढून घेतली. परंतु ज्या व्यवहारात पालक, क्लासचालक आणि संस्थाचालक असे तिघेही संतुष्ट असतात, तो केवळ आदेशाने थांबत नाही.

शाळाही यात निर्दोष नाहीत. सतरा नंबरचा अर्ज मुळात शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना दहावी-बारावी देता यावी म्हणून आहे. निकाल शंभर टक्के लागावा यासाठी कच्च्या मुलाला नववीतच थोपवायचे आणि 'बाहेरून बस' असे सुचवायचे, हा प्रकार शिक्षणक्षेत्रात कोणाला अपरिचित आहे? ज्या मुलाला शाळेची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठीच तिचे दार बंद होते.

मग परीक्षाच रद्द करावी काय? तो अनुभव आपण २०२१ साली घेतला. कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षा झाली नाही. नववीचे ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ५० अशा गुणांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के होता. या गुणांवर शासनाचाच विश्वास बसेना, म्हणून अकरावीसाठी स्वतंत्र सीईटी जाहीर झाली. ती पुढे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. शिक्षकाने दिलेल्या गुणाला समाजात पत नसेल, तर एक परीक्षा हटवताच दुसरी दारात उभी राहते, हाच याचा बोध.

परीक्षेला तिच्या जागी ठेवणारी शाळा कशी असते, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची शाळा 'नापासांची शाळा' म्हणून ओळखली गेली. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि गावाच्या श्रमदानातून ती उभी राहिली. अन्यत्र नापास झालेल्या, घरच्यांनी आशा सोडलेल्या मुलांना तेथील वसतिगृहाने आवर्जून जवळ केले. व्यायाम, श्रम, शिस्त आणि अभ्यास यांतून ती मुले घडली. तीही बोर्डाच्याच परीक्षेला बसली. फरक इतकाच, की तेथे गुण ही प्रवेशाची अट नव्हती आणि नापासाचा शिक्का हा अखेरचा निवाडा नव्हता.

लोकमान्यांच्या काळात पालकांनी मुले सरकारी शाळांतून काढली, तेव्हा तळेगावच्या समर्थ विद्यालयासारखी पर्यायी शाळा समाजाने उभी केली होती. १९१० मध्ये इंग्रज सरकारने ती बंद पाडली, कारण तेथील शिक्षणाचे सामर्थ्य त्याने ओळखले होते. आज मुले शाळेतून निघतात, ती अधिक चांगल्या शिक्षणाकडे नव्हे, तर केवळ सराव-प्रश्नसंचाकडे.

म्हणून पालकांनी प्रवेश घेताना निकालाच्या टक्केवारीसोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत : येथे प्रत्यक्ष वर्ग भरतात काय, आणि गतवर्षी नववीतून किती मुलांना बाहेर काढले? संस्थाचालकांना या प्रश्नांची उत्तरे देणे भाग पडेल, त्या दिवशी शाळेला तिचे स्थान परत मिळू लागेल. सोळाव्या-सतराव्या वर्षी मूल मित्र, मैदान, वाचनालय आणि गुरुजन यांच्या सहवासात जे मिळवते, त्याची फेरपरीक्षा पुढे कधीच होत नसते.