हाली, कलदार आणि पैनगंगा

निजामी राजवटीत माहूरजवळची पैनगंगा ही दोन चलनांचीही सीमा होती. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि कालांतराने पैलतीरी कलदार रुपया रूढ झाला. ऐलतीरी मात्र निजामाचा हाली सिक्का चालू राहिला. ‘हाली’ म्हणजे चालू, प्रचलित. रेणुकामातेच्या दर्शनास येणाऱ्या वऱ्हाडी यात्रेकरूस नदी ओलांडताच हिशेब बदलावा लागे.

विसाव्या शतकारंभी चारमिनार छापाचा यंत्रनिर्मित रुपया आला. त्यापूर्वीचा हाली रुपया हातोड्याने घडे. चांदीचे तुकडे तोलून, ठोकून त्यांच्या चकत्या करीत. खालचा ठसा पक्का बसवलेला असे. त्यावर चकती, चकतीवर दुसरा ठसा आणि वरून घाव! ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग बाहेरच राही. म्हणून एकाच टांकसाळीचे दोन रुपये सहसा सारखे दिसत नाहीत. कोठे सन तुटतो, कोठे नाव. १८५७ च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव जाऊन आसफजाहाचे आले, सोबत ९२ हा अंक. महबूब अली खानांच्या नाण्यांवर त्यांच्या नावाचे आद्याक्षर ‘मीम’ आढळते.

आता थोडे आकड्यांविषयी. बँकेतली जुनी खोड! चारमिनार रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात हजारी ८१८ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. सात हालींत ६४ ग्रॅम, सहा कलदारांतही जवळपास तितकीच. सात हालीस सहा कलदार, अर्थात शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै, हा भाव चांदीच्याच आधाराने उभा होता. भारतीय रुपया आल्यावर हालीचे रूपांतरही याच प्रमाणात झाले. ज्या कुळाला हे त्रैराशिक येत नसे, त्याने मात्र सावकाराच्या वहीतील आकड्यावरच विश्वास ठेवायचा!

नाणेपरीक्षेचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित असलेले जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१८ च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचून नानाविध नाण्यांचे वजन व धातुप्रमाण नोंदवून ठेवले. टांकसाळीतल्या माणसाने स्वतःच लिहिलेला असा ग्रंथ त्या काळात विरळाच.

मराठवाड्यातील अनेक घरांत आजीच्या डब्यात असे दोनचार रुपये निघतात आणि चांदीचा भाव चढला की ते मुशीत जातात. माझ्या मते हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. चांदी हीण असल्याने वितळवताना घट धरली जाते. शिवाय तुटक्या सनाचा, ‘मीम’ असलेला तो हातघडीचा रुपया पुन्हा घडणार नाही. चिंच किंवा राख लावून तो उजळवूही नये. झिजलेली अक्षरे त्याने आणखी जातात. कागदी पाकिटात घालून, कोणाकडून आला ते वर लिहून ठेवावे. शेतात किंवा पायात पुरलेली नाणी सापडली तर गोष्ट निराळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे बंधनकारक आहे.