विश्लेषण : फॉलोअर वाढले, पण ग्राहक कुणाचे? छोट्या व्यावसायिकाने ऑनलाइन दुकान नेमके कुठे थाटावे?

मार्च उजाडला की कोकणातील आंबा बागायतदारांचे फोन दोन कारणांनी वाजू लागतात. ‘पेटी कधी येणार?’ असे विचारणारे ग्राहक आणि ‘तुमचे पेज आम्ही चालवतो’ असे सांगणारे एजंट. आडत्याकडे माल पाठवण्याऐवजी मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला थेट पेटी दिली, तर हातात चार पैसे जास्त उरतात. त्यामुळे इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप की स्वतःचा ब्लॉग, हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो. चुकीच्या ठिकाणी घालवलेला एप्रिल परत येत नाही. हेच गणित दिवाळीचा फराळ विकणाऱ्या बचत गटाला आणि पर्यटकांची वाट पाहणाऱ्या होमस्टेलाही लागू पडते.

सगळीकडे खाते उघडले तर काय बिघडले?

खाते फुकट उघडते, पण चालवायला वेळ लागतो. काढणी, आढी लावणे, प्रतवारी, पेट्या भरणे आणि वाहतूक सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे रोज पाच ठिकाणी पोस्ट टाकण्याइतकी सवड नसते. शिवाय प्रत्येक ठिकाणाची मागणी वेगळी. इन्स्टाग्रामला छोटा उभा व्हिडीओ लागतो, यूट्यूबवर निवांत समजावून सांगितलेले चालते आणि ब्लॉगवर लिहावे लागते.

अर्धवट सोडलेले पेज तर उलट नुकसान करते. शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची दिसली, की हा धंदा बंद पडला असावा, असे समजून ग्राहक पुढे जातो.

कोणते माध्यम कशाच्या कामाचे?

• इन्स्टाग्राम : अनोळखी माणसाच्या नजरेस पडण्यासाठी. बाग, काढणी, भरलेली पेटी असे दाखवण्यासारखे काही असेल तर उत्तम. मात्र रील लखनऊत गाजली आणि तिथे पेटी पोहोचवण्याची सोय नसेल, तर त्या आकड्यांचा उपयोग नाही.

• फेसबुक : गावाचे, शहराचे, गृहसंकुलाचे ग्रुप इथे आहेत. एका सोसायटीत एकदम वीस पेट्या देता येतात, हा फायदा मोठा.

• यूट्यूब : इथे लोक बघायला येतात तसे शोधायलाही येतात. नीट नाव दिलेला व्हिडीओ पुढच्या हंगामातही सापडतो.

• व्हॉट्सॲप बिझनेस : २०१८ मध्ये आलेले हे मोफत ॲप ओळखीच्या ग्राहकासाठी आहे. कॅटलॉग, ठरावीक उत्तरे, ‘पैसे आले’, ‘पेटी पाठवली’ अशी लेबले यांमुळे ऑर्डरचा गोंधळ कमी होतो. पण एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो.

• गूगल बिझनेस प्रोफाइल : ग्राहक जिथे चालत येतो अशा खानावळ, सलून किंवा होमस्टेसाठी हे रीलपेक्षा आधी करायचे काम. पत्ता, वेळ, फोटो आणि ग्राहकांचे अभिप्राय नकाशावरच दिसतात.

ब्लॉगचा जमाना संपला नाही का?

विरंगुळा म्हणून ब्लॉग वाचणारे कमी झाले असतील. प्रश्न पडला की फोनवर शोधणारे कमी झालेले नाहीत. खरा हापूस कसा ओळखायचा? बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळात साका का निघतो? कच्ची पेटी आली तर घरी कशी पिकवायची? हे प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात.

त्याचे सविस्तर, खरे उत्तर बागायतदाराइतके कुणाकडे असणार? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळालाच ते लागू आहे. कोणताही आंबा ‘देवगड’ म्हणून खपवला जात असताना ही माहिती नीट लिहून ठेवणे, हीच जाहिरात. रील चार दिवसांत मागे पडते. चांगला लेख पुढच्या मार्चमध्ये पुन्हा कामाला येतो.

अर्थात ब्लॉग लिहिला की ऑर्डरी येतात, असेही नाही. शोधाच्या पानावरच आता उत्तर मिळू लागल्याने अनेक वाचक लेखापर्यंत येतच नाहीत. म्हणून रोज लिहिण्याची गरज नाही. ग्राहक खरोखर विचारतात अशा पाच-सात प्रश्नांची उत्तरे, दर, पोहोचवण्याची गावे आणि फोन नंबर एवढे एका जागी असले, तरी पुष्कळ.

भाड्याच्या जागेचा धोका किती खरा?

समाजमाध्यमावरील पेज ही भाड्याची जागा आहे. भाडे रोख द्यावे लागत नाही, पण जागा केव्हा रिकामी करायची हे मालक ठरवतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. ‘कू’ हे भारतीय ॲपही २०२४ मध्ये बंद पडले.

इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप तिन्हीकडे आहोत म्हणून सुरक्षित, हाही गैरसमजच. तिन्ही एकाच कंपनीची आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ती एकदमच सुमारे सहा तास बंद होती. फुकटची वेबसाइटही याला अपवाद नाही. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या.

ॲप बंद पडण्याची वाट तरी कशाला पाहायची? ऐन एप्रिलमध्ये खाते हॅक झाले किंवा लॉक झाले, तरी परिणाम तोच. पेज पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने उघडून दिलेले, पासवर्ड त्याच्या जुन्या नंबरवर, आणि ग्राहकांचे नंबर मात्र कुठेच लिहिलेले नाहीत, अशी स्थिती असेल तर हंगाम तिथेच अडकतो.

मग निवड कशी करायची?

स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आजचे ग्राहक कुठून आले? गेल्या हंगामातील दहा जणांना फोन करून विचारले, तरी एजंटच्या सादरीकरणापेक्षा जास्त कळते. दुसरा, कामाच्या धबडग्यातही आठवड्याला काय नियमित जमेल? बोलायला आवडते त्याने व्हिडीओ करावा, लिहायला जमते त्याने लिहावे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, हे उद्या बंद पडले तर हातात काय उरेल?

बहुतेक छोट्या व्यवसायांना तीनच जागा पुरतात. नवा ग्राहक भेटण्यासाठी एक, बोलणे आणि ऑर्डर घेण्यासाठी एक, आणि एक स्वतःची. स्वतःची म्हणजे स्वतःच्या नावावर नोंदवलेले डोमेन आणि त्यावरचा साधा ब्लॉग. वर्डप्रेससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर तो असेल, तर होस्टिंग बदलले तरी मजकूर सोबत नेता येतो. डोमेनची नोंदणी एजन्सीच्या नव्हे, मालकाच्या नावाने हवी. सर्व खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन हवे.

त्याहून मोलाची आहे ग्राहकांची यादी. नाव, नंबर, गाव, गेल्या वर्षी किती पेट्या घेतल्या, एवढे वहीत किंवा एक्सेलमध्ये असावे. ग्राहकाची परवानगी घेऊनच ती ठेवावी आणि दुसऱ्या कुणाला देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी ग्राहकाचा विश्वास मोडणे परवडणारे नाही.

यश कशावर मोजायचे?

लाइकवर नाही. प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ एवढे विचारून उत्तर यादीत लिहावे. हंगामाअखेर कोणत्या माध्यमाने पेट्या खपवल्या आणि कोणत्याने नुसता वेळ खाल्ला, हे आपोआप दिसेल. वेळ खाणारे माध्यम पुढच्या वर्षी खुशाल सोडावे.

याचा अर्थ समाजमाध्यमे टाळावीत असा नाही. ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याला गर्दीत जावेच लागते. जत्रेत दुकान मांडणारा मात्र गिऱ्हाइकाला गावचा पत्ता दिल्याशिवाय जाऊ देत नाही, कारण जत्रा उठणार हे त्याला ठाऊक असते. रीलवर भेटलेला ग्राहक हंगाम संपण्याआधी स्वतःच्या यादीत आला, तरच पुढच्या मार्चमध्ये पहिला फोन त्याला करता येईल.